मुळावरचा गहिनी

कुदळ दगडावर पडली की वाजते, मातीत पडली की रुतते. सावळदऱ्याच्या शिवारात त्या सोमवारी ती वाजलीही नाही, रुतलीही नाही. अडकली. विहिरीच्या खड्ड्यात उतरलेल्या गड्यानं हिसका दिला, तसं काळ्या मातीतून घोंगडीचं टोक वर आलं. दुसरा हिसका दिला, तसा घोंगडीतून माणसाचा पाय बाहेर आला आणि गडी बोंब ठोकत वर पळाला.

पाय सुकून चिपाड झालेला. पण त्याला बोटं सहा होती, आणि सहा बोटांचा पाय त्या सगळ्या पंचक्रोशीत एकाच माणसाचा होता.

मंगळवारी सकाळी राधाकिशन जमादार घोडं दामटत मांजरसुंब्याच्या ठाण्यावर आला, तेव्हा ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, बद्रीनाथ बाजेवर बसून स्वतःच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. निजाम सरकारच्या पोलिसात त्यांची हयात गेली होती. पेन्शनीला थोडेच महिने उरले होते. तेवढे दिवस कुणी कुणाला मारू नये, इतकंच त्यांचं देवाजवळ मागणं होतं. देवानं ते काही मनावर घेतलं नव्हतं.

“कोण मेलं?” त्यांनी विचारलं.

“सावळदऱ्याच्या अर्जुनरावांचा धाकटा भाऊ, साहेब. गहिनीनाथ. मागल्या साली घरच्या देवीचा चांदीचा मुखवटा घिऊन पळाला म्हणून वर्दी आलती, त्योच. पळालाच न्हवता. घरच्याच वावरात गाडलेला निघाला.”

“आणि निघाला कसा?”

“म्हाळू धनगरानं जागा दावली. त्यो पायाळू हाय.”

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, अशी लोकांची समजूत. विहीर पाडायची असली की पायाळूला बोलावतात, तो अनवाणी वावर फिरतो, थांबेल तिथं नारळ फुटतो. म्हाळूनं बाभळीखाली पाय रोवला होता. अर्जुनरावांनी स्वतः नारळ फोडला, कुदळीचा पहिला घावही त्यांनीच घातला. मग गडी उतरले.

“म्हाळूला लिंबाला बांधून घातलाय,” जमादार म्हणाला. “प्रेत कुठं हाय ते ज्यानं पुरलं त्यालाच ठावं. दोघांनी मिळून मुखवटा चोरला आसंल, वाटणीवरून बाचाबाची झाली आसंल. सांजच्याला बीडला रवाना करतो. जिल्ह्याच्या पोलिसांचे बडे साहेब, मोहतमीम, त्यांचा तसा हुकूमच हाय.”

“मुखवटा सापडला त्याच्याकडं?”

“धनगराची पालं उलथीपालथी केली. न्हाई सापडला.”

बद्रीनाथांनी उसासा टाकला. बीडच्या तुरुंगात गेलेला धनगर आपल्या मेंढरांत परत आल्याचं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हाती संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता आणि गुडघे घोड्यावर बसायला राजी नव्हते. ते बसले.

वाटेत जमादाराची टकळी चालूच होती. “आन् साहेब, मेलेला तरी कुठं धड होता? मूळ नक्षत्रावर जन्मलेला. मुळावरचं पोर बापाच्या मुळावर येतं म्हणत्यात. ह्यो जन्मला आन् महिन्याभरात बाप गाडीखाली गेला. जन्मालाच खोट. पुढं चोऱ्यामाऱ्या, दारू. आन् थोरला बघा! गावात कुणाची चूल विझली तर ह्यांच्या घरून निखारा जातो. एकाच आईचे दोन, पण येक देव आन् येक दैत्य. माणूस वरूनच तसा येतो.”

“म्हाळू कसा आला वरून?”

जमादार जरा गडबडला. “त्यो... पायाळू म्हणजे शुभच. पण धनगर हाय ना, साहेब.”

माणूस जन्मानं वाईट असतो की पुढं होतो, यावर बद्रीनाथांचंही तरुणपणी मत होतं. बरंच ठाम होतं. मग एकेक मुडदा पाहता पाहता ते झिजून गेलं, आणि गेलं ते एका परीनं बरंच झालं असं त्यांना वाटे.

खड्ड्याशी सारं गाव जमलं होतं. निम्म्यांना म्हाळूच्या पाया पडायचं होतं, निम्म्यांना त्याला झोडपायचं होतं. बद्रीनाथांनी सगळ्यांना मागं सारलं आणि प्रेताजवळ बसले. बसताना गुडघे कुरकुरले.

कवटी मागून फुटलेली. म्हणजे पाठीमागून घाव. पण नंतर कुणीतरी डोक्याला नीट मुंडासं गुंडाळलं होतं. हात छातीवर जुळवलेले. घोंगडी चारी बाजूंनी आत मुडपलेली, आणि तिच्या घड्यांत अजून पिवळा भंडारा, धनगर आपल्या देवाला उधळतात ती हळद. बद्रीनाथांनी धोतराचा सोगा उलगडला. आतून पांढऱ्या चुनखडीचं ढेकूळ गळून पडलं. त्यांनी सभोवार नजर टाकली. वावर काळंभोर होतं.

“पांढरी माती कुठं आहे इथं?”

“कड्याखाली, देवदरीत,” कुणीतरी म्हणालं. “हितून लांब हाय.”

“अर्जुनराव काय म्हणाले पाय पाहून?”

“काय म्हणतेत बिचारे,” जमादार कळवळून म्हणाला. “मटकन खालीच बसले. ‘हितं? हितं कसा?’ येवढंच म्हणत हुते. मग ह्यो गहिनी न्हवंच म्हणून हटूनच बसले. सहावं बोट दावलं तवा गप झाले.”

बद्रीनाथांनी मान हलवली आणि ते लिंबाकडे वळले.

म्हाळू पन्नाशीतला, रापलेला माणूस. हात मागं बांधलेले, अंगावर पांघरायला घोंगडी नाही. त्याची मेंढरं लांब माळावर वाऱ्यावर सोडलेली होती आणि त्याचं निम्मं ध्यान तिकडंच होतं.

“म्हाळू, तुला पाणी दिसतं?”

“लोक म्हणत्यात.”

“तू काय म्हणतोस?”

“मी काय म्हणू, साहेब? ल्हानपणापासून बोलिवत्यात, जातो. कुटं लागतं, कुटं न्हाई. लागलं की माझे पाय धरत्यात. न्हाई लागलं की खणणाराचं नशीब म्हणत्यात.”

“काल पाणी पाहून थांबलास?”

म्हाळूनं माळावरच्या मेंढरांकडं पाहिलं.

“मग मी सांगतो,” बद्रीनाथ दमलेल्या आवाजात म्हणाले. “तुला प्रेत कड्याखाली पांढऱ्या मातीत सापडलं. तिथून तू ते खांद्यावर आणलंस. तुझी घोंगडी दिलीस, भंडारा वाहिलास, हात जोडून दिलेस. ज्यानं डोकं फोडलं तो एवढं करत नाही. मारणारा एक, पुरणारा दुसरा. बरोबर?”

म्हाळूचे डोळे भरून आले.

“चुकार मेंढी हुडकत गेलतो. कड्याखाली पडलेला. लांडग्यांनी तोंड लावलं न्हवतं आजून. वरडावं म्हणलं, पण धनगराच्या शब्दाला कोण इचारतंय? मलाच धरलं आसतं.”

“आणि त्यांच्याच वावरात का पुरलंस?”

“त्याला घरात निजू देत न्हवते, साहेब. बारका हुता तवापासून. उंबऱ्याभायेर जेवायचं, बाभळीखाली निजायचं. ही बाभळच त्याचं घर. माझ्याकडं येऊन भाकर खायचा. चोरी करायचा न्हाई, दारूला शिवायचा न्हाई. गावात काय हरवलं की त्याच्या नावावर. सवयच पडलीती लोकास्नी.”

“मग वर्षानं का दाखवलंस?”

“मेल्यावर बी चोरच म्हणत्यात त्याला. मुकवटा घिऊन पळाला म्हणत्यात. लई दिस ऐकून घेतलं. मग ह्यांनी पाण्यासाटी बोलिवलं. म्हणलं, माजं कुणी ऐकत न्हाई, पायाचं तर ऐकतेत. येक डाव पायानं खरं बोलावं.”

“मारलं कुणी?”

“ते ठाव न्हाई. देवाशपथ ठाव न्हाई.”

बद्रीनाथांना ते खरं वाटलं. पण वाटणं अदालतीत चालत नाही. जमादाराला ते पंचनाम्यात लिहायचं नव्हतं, आणि गावाला तर ते ऐकायचंही नव्हतं.

अर्जुनरावांचं घर दगडी, शेणानं सारवलेलं, नीटनेटकं. माणूसही तसाच, चाळिशीच्या आतबाहेरचा, पांढराशुभ्र फेटा, बोलणं मऊ. ओसरीवर त्यांनी अमिनांना घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं. बद्रीनाथांनी पानाचा डबा उघडून विडा पुढं केला.

“नको, साहेब. विडा सोडलाय. भाऊ गेल्यापासून तोंडात घेतला न्हाई.”

“शेवटचा कधी पाहिलात त्याला?”

“मुखवटा गेला त्याच दिवशी. तिन्हीसांजंला दारातून गेला, सकाळी देव्हारा मोकळा.”

“भांडण?”

“छे! मी त्याला कधी वाकडा शब्द बोललो न्हाई. गावाला इचारा.”

गाव तसंच सांगणार, हे बद्रीनाथांना ठाऊक होतं. “पाय पाहून तुम्ही ‘इथं कसा’ म्हणालात.”

अर्जुनरावांनी क्षणभर डोळे मिटले. “धक्काच बसला, साहेब. मला वाटलं हुतं लांब मुलखात आसंल कुठं तरी.”

उत्तर चोख होतं. आत देव्हाऱ्यासमोर म्हातारी बसली होती. दोघा भावांची आई, सुंदरबाई. तिनं एकदा वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. देव्हाऱ्यात मुखवट्याची जागा रिकामी होती. पाटावर धूळ बसलेली, वात नाही, फूल नाही.

इतक्यात अर्जुनरावांची बायको छबुबाई झाकलेलं ताट घेऊन परसाकडं निघाली. अर्जुनराव उठले, ताट तिच्या हातून घेतलं आणि गोठ्याकडं गेले.

“मंगळवारचा उपास अस्तोय त्यांचा,” छबुबाई डोईवरचा पदर सावरत म्हणाली. “गाईला ताट दिल्याबिगर पानी पीत न्हाईत.”

“कधीपासून?”

“ह्येच की, भावजी गेल्यापासून. मुकवटा न्हाई तर निवद कुनाला दावायचा? म्हनून गाईला. सोत्ताच नेतात. गोठ्यात त्या येळेला कुनी यायचं न्हाई.”

“ताटात काय असतं?”

“पुरनाची पोळी, दही-भात, कडाकन्या. आन् विडा. विडा इसरला की लई रागवत्यात. एरवी राग म्हाईत न्हाई त्यांना.”

बद्रीनाथ तसेच बसून राहिले. त्यांना एकाएकी फार थकवा आला. इतका की ही गोष्ट इथंच सोडून ठाण्यावर जाऊन पडावंसं वाटलं. पण लिंबाला म्हाळू बांधलेला होता.

“बाई,” त्यांनी हळूच विचारलं, “तुमची गाय विडा खाते?”

छबुबाईनं नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला.

बद्रीनाथांनी जमादाराला बोलावलं, गावातल्या चार मोठ्या माणसांना पंच म्हणून घेतलं, म्हाळूला सोडवून आणलं, आणि सगळ्यांना घेऊन गोठ्यात गेले. अर्जुनराव गव्हाणीपाशी उभे होते. दही-भात, पोळी गाईपुढं टाकलेली होती. विडा ताटात नव्हता.

“विडा कुठं गेला, अर्जुनराव?”

“खाल्ला मी.”

“दात दाखवा.”

अर्जुनरावांनी तोंड उघडलं नाही. बद्रीनाथ गव्हाणीमागच्या भिंतीपाशी गेले. सारवलेल्या भिंतीत एका जागी वर काजळीचा पट्टा उठला होता, आणि त्याखालचं शेण बाकीच्या भिंतीपेक्षा ताजं होतं. त्यांनी हातानं ढकललं तशी फळी सरकली. आतल्या कोनाड्यात देवीचा चांदीचा मुखवटा होता. मळवट भरलेला, समोर निरांजन अजून तेवत होतं, आणि ओठांपाशी हिरवागार विडा.

जमादारानं नकळत हात जोडले.

“सांगतो,” बद्रीनाथ गव्हाणीच्या कडेला टेकत म्हणाले. “मारणारा आणि पुरणारा वेगळे. गहिनीला कड्यावर मारून खाली लोटलं. म्हाळूनं उचलून बाभळीखाली पुरलं. हे मारणाऱ्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, मढं लांडगे-तरसांनी नेलं. म्हणून तर त्यानं बिनघोर नारळ फोडला, पहिली कुदळ मारली, आणि सहा बोटं दिसल्यावर ‘कुणी मारलं’ असं न विचारता ‘इथं कसा’ असं विचारलं. सगळ्या गावानं ओळखलं, सख्ख्या भावानं मात्र नाही म्हटलं. कारण गहिनी कुठं असायला हवा, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.”

पंचांपैकी एकानं वाकून कोनाड्यात पाहिलं.

“भाऊ पळाला, हे पटवायला चोरी हवी होती. म्हणून मुखवटा लपवला. दुसरा असता तर त्यानं विहिरीत टाकला असता, नाही तर आटवून मोकळा झाला असता. मग माझ्या बापाच्यानंही काही सिद्ध झालं नसतं. पण हे अर्जुनराव. भाऊ मारला तरी देवी उपाशी ठेवणं यांच्यानं झालं नाही.”

अर्जुनराव खाली बसले. गाईनं त्यांच्या खांद्याला तोंड लावलं.

“मला चांगला म्हणू नका कुणी,” ते म्हणाले. “मी चांगला न्हवतो. मी भ्यालेलो हुतो.”

“कशाला?”

“आठ वर्षांचा हुतो. गाडीखाली खेळत हुतो. चाकाची खीळ काढली आन् खिशात घातली. लोखंडाची हुती, आवडली. त्याच गाडीवर बाप गेला. उतारावर चाक निसटलं.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “जोशी म्हणाला, मुळावरचं पोर, बापाला खाल्लं. सगळ्यांनी मान हलवली. पाळण्यात पडलेलं पोर, त्याच्यावर खापर फुटलं. मी काय बोलणार? मग जलमभर चांगलं वागलो. कुणी मागंल ते दिलं. लोक म्हणायचे, जात्याच गुणी हाय. रातच्याला झोप न्हाई लागायची.”

“आणि त्या दिवशी?”

“सोसवंना. कड्यावर गाठून त्याला सगळं सांगितलं. माफी मागितली. आधी हसला. मग लई रडला. म्हणाला, दादा, बाकी सगळं माझ्याच नावावर राहू दे, गावाला कायबी सांगू नको. पर येकदा आईला सांग. तिनं मला येकदा घरात जेवू घालावं.” त्यांनी गाईच्या मानेवर हात ठेवला. “त्यो वळून घराकडं निघाला. आईला कळंल ह्या भ्यानं माझ्या हातात धोंडा कवा आला ते मला कळलं न्हाई.”

म्हाळू उकिडवा बसून लहान मुलासारखा रडू लागला. बद्रीनाथांनी जमादाराला खूण केली. जमादारानं अर्जुनरावांच्या हातात बेडी घातली. सकाळपासून तो ज्यांना देव म्हणत होता, त्यांना आता काय म्हणावं ते त्याला सुचत नव्हतं.

निघताना बद्रीनाथ घरात गेले. म्हातारीला सांगणं भाग होतं. सुंदरबाई रिकाम्या देव्हाऱ्यासमोरच बसली होती. त्यांनी थोडक्यात सांगितलं. खिळीचंही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ठाव हाय.”

“काय ठाऊक आहे?”

“त्या दिशी त्याच्या खिशात खीळ बगितली मी. झोपल्यावर काढून घेतली आन् आडात टाकली.” ती रडत नव्हती. “येवढंसं लेकरू. बापाला मारलं म्हणून गावानं त्याला जगू दिलं नसतं. धाकल्याला तर जोशानं आदीच बट्टा लावलाता. म्हनलं, त्याला येक जास्तीचा. त्याला काय कळतंय.”

बद्रीनाथ भिंतीला टेकले.

“अर्जुनाला कधी बोलला नाहीत?”

“कावून बोलू? चांगला निगालाता की त्यो.”

बीडच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन कलतं होतं. माळावर म्हाळू मेंढरं गोळा करत होता. त्यानं लांबून हात जोडले. अर्जुनरावांच्या बेड्या वाजत होत्या. जमादार पुढं घोडा धरून चालला होता, मुकाट, मान खाली घालून. बद्रीनाथांनी घोड्यावर बसायचं नाकारलं आणि ते कैद्याच्या बरोबरीनं लंगडत चालले.

बऱ्याच वेळानं अर्जुनरावांनी विचारलं, “साहेब, आईला सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हणाली?”

बद्रीनाथांनी पानाचा डबा चाचपला, उघडला नाही. सत्य सांगणं हे त्यांचं काम होतं. पण दिवसभराचं काम झालं होतं.

“काही नाही,” ते म्हणाले. “गहिनी एकदा घरात जेवून गेला असता तर बरं झालं असतं, म्हणाली.”

अर्जुनरावांचे डोळे भरले. ते चालता चालता थांबले आणि गावाकडं वळून त्यांनी बेडीतले हात जोडले.

“ती तशीच हाय, साहेब,” ते म्हणाले. “माझी आई जन्माचीच चांगली.”